कारण दोघांनाही विचारा

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. तेव्हापासून हा विषय संपला असे समजून अनेकजण मोकळे झाले. पण गेली ती तलाकची एक घायकुती रीत. पतीचा एकतर्फी अधिकार बहुतेक राज्यांत होता तिथेच आहे.

तलाक-ए-हसनमध्ये पती साधारण महिन्याच्या अंतराने तीनदा तलाक उच्चारतो. तलाक-ए-अहसनमध्ये एकदाच उच्चारून इद्दतचा, म्हणजे पुनर्विवाहाआधीच्या प्रतीक्षेचा, काळ जाऊ देतो. मधल्या काळात माघार घेता येते, हा या रीतींचा गुण खरा. पण माघार घ्यायची की नाही, हेही तोच ठरवतो. तलाकला वाजवी कारण हवे आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न करायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये शमीम आरा खटल्यात बजावले. मात्र हे कारण तपासून घ्यायला पतीला आधी न्यायालयात जावे लागत नाही. तलाक झाल्यावर, तो अमान्य असेल तर, बाईनेच कोर्टाची पायरी चढायची.

पत्नीला वेगळे व्हायचे असेल तर? १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली दावा लावून तिने सिद्ध करायचे की पती चार वर्षे बेपत्ता आहे, दोन वर्षे खर्चाला देत नाही किंवा छळ करतो. खुला, म्हणजे पत्नीच्या पुढाकाराने होणारा घटस्फोट, मागितला तर बहुधा मेहरवर, म्हणजे लग्नात कबूल झालेल्या रकमेवर, पाणी सोडायचे आणि पतीच्या होकारासाठी ताटकळायचे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ही होकाराची अट नाकारली, पण मोहल्ल्यात अजून जुनाच नियम सांगितला जातो. एकाच निकाहातला एकजण आधी कोणाला कारण न देता सुटतो. दुसरीने पुरावे गोळा करायचे. याला न्याय म्हणता येईल का?

‘हा धर्माचा कायदा, तो बदलता येत नाही,’ असे सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही. हनफी विधिपरंपरेनुसार पत्नीला सुटकेची वाट जवळजवळ नव्हती, तेव्हा नकोशा लग्नातून सुटण्यासाठी काही स्त्रियांनी धर्मच सोडला. त्यावर मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या विधिपरंपरेच्या आधारे तोड सुचवली आणि त्याच विचारातून १९३९चा कायदा घडला. ट्युनिशियाने १९५६मध्ये न्यायालयाबाहेरचा तलाक निरर्थक ठरवला. पाकिस्तानने १९६१मध्ये लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत सक्तीची केली. हे देश इस्लामबाहेर गेले, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मुसलमानांच्याच घरात डोकावता कशाला? आक्षेपामागची चीड रास्त आहे. हिंदूंच्या घरातही सुधारणा सहज शिरली नाही: हिंदू कोड बिलाला कडवा विरोध झाला आणि ते रखडल्यावर डॉ. आंबेडकरांनी १९५१मध्ये मंत्रिपद सोडले. तलाक हा शब्दही न उच्चारता बायकोला टाकून देणारे नवरे आजही गावोगावी उजळ माथ्याने वावरतात. त्या परित्यक्तांविषयी गप्प राहून फक्त मुस्लिम स्त्रीसाठी गळा काढणारा सुधारक नव्हे, ढोंगी आहे. पण एकाच्या ढोंगाने दुसऱ्याचा अन्याय धुतला जात नाही. शिवाय हा आवाज बाहेरचा नाहीच. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने मुंबईत तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मोर्चा निघाला. त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या.

तुरुंगाच्या धाकानेही काम भागत नाही. नवरा आत गेला म्हणून बाईची चूल पेटत नाही. तिला हवी पोटगी, राहायला जागा आणि मुलांचा खर्च. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, हे १९८५मध्ये शाहबानो खटल्यात ठरले होते. पुढच्याच वर्षी संसदेने त्याला बगल दिली आणि २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा निःसंदिग्ध सांगावे लागले.

मागणी सरळ आहे. घटस्फोट कोणालाही हवा असो, तो कौटुंबिक न्यायालयातच व्हावा. कारण दोघांनाही विचारले जावे आणि निकालासोबतच पोटगी ठरावी. तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. निकाहनाम्यात अट घालून तलाकचा अधिकार पत्नीलाही देता येतो. या तफवीझला हनफी परंपरेचीच मान्यता आहे. मुलीच्या बापाने मेहर ठरवताना ही अटही लिहून घ्यावी, काझीने ती सर्वांसमक्ष वाचावी. तिच्यावर सही करायला जो कचरेल, त्याला मुलगी देऊ नये.