गाळप हंगामातली उपासना

ख्रिस्ती तरुण संघाच्या वार्षिक अहवालात दोन मथळे ठरलेले असतात. ‘उपासना’ या मथळ्याखाली शनिवारची प्रार्थनासभा, गायकवृंदाचा सराव, उन्हाळी युवा शिबिर. ‘सेवा’ या मथळ्याखाली नाताळच्या आठवड्यातलं सरकारी दवाखान्यातलं फळवाटप, थंडीतली ब्लँकेटं, एखादं रक्तदान शिबिर. दोन्हींखाली चार-चार ओळी भरल्या की वर्ष चांगलं गेलं. मग कुणीतरी चुणचुणीत मुलगी सभेत विचारते, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? त्यावर बहुतेक वेळा तिसराच कार्यक्रम आखला जातो. फळवाटपाआधी दोन गाणी आणि एक प्रार्थना, की झाला मेळ.

मला हा मेळ घालण्याचा उद्योगच चुकीच्या टोकापासून सुरू झालेला वाटतो. सेवा उपासनेला बाहेरून जोडायची नसते, ती उपासनेच्या आत होती. आपण ती तिथून उचलून वेगळ्या समितीकडे सोपवली. हे पटवायला मला माजलगावइतकं सोयीचं गाव दुसरं नाही.

सिंदफणेवरचं माजलगाव धरण हा जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग. पाणी आलं तसा ऊस आला, आणि कारखानेही आले. पण जिल्हा बीड, ऊसतोड मजूर पुरवणारा. त्यामुळे इथे दोन्ही चित्रं एकाच वेळी दिसतात. दसरा झाला की शेजारच्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून ट्रक भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये भांड्यांची पोती, शेळी, कडेवरचं पोर आणि वर बसलेली म्हातारी. त्याच दिवसांत कारखान्याच्या परिसरात तोडणीला आलेल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, एक कोपी. पहाटे तीनला चूल पेटते, भाकरी बांधून घेतली जाते आणि जोडी फडात जाते. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. संध्याकाळी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून मीठमिरचीपुरते पैसे सुटतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र फिटता फिटत नाही.

आता ख्रिस्ती वर्ष या हंगामावर ठेवून पाहा. नाताळ ऐन गाळपाच्या मध्यावर येतो. लेंतचे चाळीस दिवस म्हणजे हंगामाची शेवटची धाप, आणि ईस्टरच्या सुमाराला ट्रक परतू लागलेले असतात. दुष्काळी डोंगरातल्या माणसाचं वर्ष आणि मंडळीचं वर्ष असं सहज एकमेकांवर बसतं. पण तरुण संघाच्या वहीत डिसेंबर म्हणजे नाटुकली, चांदण्या आणि केक. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्या महिन्यात काय चाललंय याची नोंद त्या वहीत नसते. हा दोष तरुणांच्या मनाचा नाही. वर्षाचा आराखडाच दुसऱ्या कुठल्यातरी शहराचा आहे.

याहून टोकदार गोष्ट रविवारची. तोडणी कामगाराने एक दिवस सुट्टी घेतली तर मुकादम खाडा लावतो. खाडा म्हणजे नुसती त्या दिवसाची मजुरी गेली असं नव्हे, वर दंडही. पाळीच्या दिवसांत, तापात, गरोदरपणात बाया फडात उभ्या राहतात त्या या खाड्यापायी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. कारणांची गुंतागुंत मोठी आहे, त्यात खाजगी दवाखान्यांचा लोभही आहे. पण दंडाशिवाय विसावा नाही, हेही त्यातलं एक कारण मानलं जातं.

आणि आपण रविवारी सकाळी स्वच्छ कपडे घालून विसाव्याच्या दिवशीच मंदिरात जमतो. दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. निर्गमात तिचं कारण सृष्टीच्या उत्पत्तीचं आहे : देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलतं. तिथे दास, दासी, परका, एवढंच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही विसावा द्यायला सांगितलं आहे, आणि का, तर तुम्हीही मिसर देशात दास होता म्हणून. म्हणजे उपासनेचा दिवस हाच मुळात मजुराच्या सुट्टीचा कायदा आहे. तो पाळताना फडातल्या बाईचा रविवार कुठे गेला हे विचारलं नाही, तर आपण अर्धीच आज्ञा पाळतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातली तक्रार हीच आहे : उपासही चालू आहेत आणि मजुरांची पिळवणूकही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. उपासनेला असं कामाला जुंपलं की ती उपासना राहत नाही. तरुण संघाची स्वयंसेवी संस्था होते, दोन वर्षांत मुलं थकतात, आणि देवासमोर नुसतं बसणं, काहीही साध्य न करता गाणं, ही गोष्ट हरवते. मला हे बरंचसं मान्य आहे. म्हणूनच पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. १९०५ चं मुक्तीतलं संजीवन आपल्याकडे सांगितलं जातं ते रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना आणि अश्रूंसाठी. त्या प्रार्थना कुणाच्या होत्या हे मागे पडतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो. त्यांना खाऊ घालणं, उवा-खरूज काढणं, अक्षर ओळख, शेत, माग, छापखाना, हे सगळं आधी झालं. उपासनेचा तो पूर आला तेव्हा त्या घरात अनेक वर्षांची शुश्रूषा जिरलेली होती. उपासना सेवेला बळ देते हे वाक्य सगळे म्हणतात. मुक्तीत क्रम उलटा दिसतो, आणि त्याने उपासना पातळ झाली नाही, उलट इतकी दाट झाली की बाहेरच्यांना भीती वाटली.

रमाबाईंचं नाव घेतलं की १८९३ ची आठवण टाळता येत नाही. त्यांच्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो या आरोपावरून वाद पेटला, ‘केसरी’ने झोड उठवली आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. ख्रिस्ती सेवेकडे पाहण्याची महाराष्ट्राची एक नजर तिथे घडली, आणि माजलगावच्या तरुणाला आजही तिच्यातूनच जावं लागतं. कोप्यांवर पुस्तिका घेऊन गेलात तर पुढच्या रविवारी जाता येणार नाही. ते न्याय्य की अन्याय्य हा वाद वेगळा. पण उचलीने बांधलेल्या माणसासमोर मदत आणि संदेश एकाच हातात धरणं मला उपासनेच्याही दृष्टीने गैर वाटतं. त्याला नाही म्हणायची मोकळीक नसते.

ही मोकळीक जपून सेवा करता येते याचं उदाहरण जवळच आहे. बीडच्या हद्दीला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे १९७० मध्ये गेलं ते ख्रिस्ती श्रद्धेतूनच, आणि ती त्यांनी कधी लपवलीही नाही. पण त्यांनी घडवलेल्या गावोगावच्या आरोग्यसेविका, त्यात निरक्षर आणि दलित बायाही होत्या, आपापल्या धर्मात राहून काम करत होत्या. प्रशिक्षणात वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एकत्र राहणं, एकत्र जेवणं हा तिथे आरोग्याचाच भाग होता. प्रभुभोजनाच्या मेजाबद्दल आपण जे बोलतो ते याहून फार वेगळं नसावं.

मग माजलगावात काय करायचं? मला फार मोठं काही सुचत नाही. हंगामात महिन्यातून दोन रविवार उपासना संपल्यावर वहीपेन घेऊन कोप्यांवर जावं. बारावी झालेल्या मुलाने एका कुटुंबाचा हिशोब मांडून द्यावा : आज किती टन, उचल किती फिटली, खाडे किती लागले. नर्सिंग शिकणाऱ्या मुली आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांनी रक्तदाब तपासावा. आणि पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ‘सर्व दुःखितांसाठी’ असं गुळगुळीत न म्हणता, आपल्या ओळखीच्या त्या घरासाठी, फडात बाळंत झालेल्या त्या बाईसाठी मागावं. हार्वेस्ट फेस्टिव्हलला वेदीजवळ ऊस बांधला जातो. तो कुणी तोडला हे प्रार्थनेत एकदा तरी यावं.

अडचण इथून पुढची. वहीत हिशोब उतरला की तो कुणाला तरी खटकणार. एखाद्या मंडळीत तोडणीच्या ट्रॅक्टरचा मालक किंवा मुकादमच पहिल्या बाकावर बसत असेल. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, भावाचं आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जा, असं येशू सांगतो. तो प्रसंग तरुण संघावर एकट्याने निभावायची वेळ आणू नये. पाळकांनी आणि वडीलमंडळींनी मुलांबरोबर बसून आधीच बोलून घ्यावं, आणि हे बोलणं दसऱ्याच्या आसपास व्हावं. नाताळची तयारी आटोपून बसायचं म्हटलं तर निम्मा हंगाम गेलेला असतो.