मुरणे की विटणे?

लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, आणि एखादा मनुष्य आपल्या विद्येत मुरलेला आहे असेही आपण म्हणतो. उलटपक्षी दूध नासते, कापडाचा रंग विटतो, आणि एकाच गोष्टीची वाट फार दिवस पाहिली म्हणजे मनही विटते. दोन्ही ठिकाणी कर्ता एकच, तो म्हणजे काळ. मग चांगली वस्तू या काळाच्या स्वाधीन करून स्वस्थ वाट पाहत राहणे, यास सद्गुण म्हणावे की निव्वळ जुगार? या प्रश्नाच्या विवेचनासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत, ते आमच्या वाचकांपैकी काहींस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ते फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात होणाऱ्या पांढऱ्या वाइनचे आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वाट पाहण्यातील नीती व अनीती इतक्या स्वच्छपणे दाखविणारा दुसरा पदार्थ आमच्या पाहण्यात नाही.

प्रथम थोडी वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. बोन या शहराच्या दक्षिणेस टेकड्यांच्या उतारावर मर्सो, प्युलिन्यी आणि शासान्य ही खेडी आहेत. तेथील चुनखडीच्या जमिनीत शार्दोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचे वेल लावतात. शेवटच्या दोन गावांच्या सीमेवर मोंराशे नावाचा मळा आहे. त्याचे क्षेत्र अवघे 8 हेक्टर. परंतु त्याची कीर्ती एवढी की 1879 साली दोन्ही गावांनी त्याचे नाव आपल्या नावास जोडून घेतले. द्राक्षांचा रस 228 लिटरांच्या ओकच्या पिंपांत आंबवितात, तेथेच काही महिने ठेवतात, आणि मग बाटल्यांत भरून थंड तळघरांत आडवा निजवितात. नवी वाइन फिकी, किंचित हिरवट झाक असलेली असते. तिला लिंबाचा व हिरव्या सफरचंदाचा वास येतो आणि तिच्या आंबटपणाने जीभ आखडते. तीच आठ-दहा वर्षांनी सोनेरी होते, आंबटपणा अंगात जिरतो, आणि मध, भाजलेला पाव व हेझलनट यांची आठवण करून देणारे गंध तिच्यातून उठतात. हे परिवर्तन कोणी बाहेरून घालीत नाही. जे मुळात असते तेच हळूहळू प्रकट होते.

परंतु या परिवर्तनास एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे हवा. तांबडी वाइन द्राक्षांच्या सालींसह आंबविली जात असल्यामुळे सालींतील तुरट द्रव्य तिचे रक्षण करते. पांढऱ्या वाइनचा रस आधीच सालींपासून वेगळा काढलेला असतो. तिला आधार तो आंबटपणाचा, गंधकाच्या अल्पशा अंशाचा आणि बाटलीच्या बुचाचा. या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी विश्वास ठेवला. पुढे 1995 व 1996 या हंगामांच्या बाटल्या उघडू लागल्यावर भलताच प्रकार दिसून आला. जी वाइन ऐन तारुण्यात असावयाची, ती अकालीच म्हातारी झालेली निघू लागली. कोणी बुचास दोष दिला, कोणी गंधक कमी केल्यास, कोणी रस काढण्याच्या व पिंपातील गाळ ढवळण्याच्या नव्या पद्धतींस. एकच कारण सर्वत्र लागू पडले नाही.

2014 सालच्या शरदात आम्ही बोन येथे एका अध्यापक मित्राच्या घरी पाहुणे होतो. त्यांची कन्या 1996 साली जन्मलेली. तिच्या जन्मवर्षाच्या, मर्सो गावच्या बारा बाटल्या त्यांनी घेऊन ठेविल्या होत्या, आणि तिला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्या उघडावयाच्या असा संकल्प होता. आठव्या वर्षी त्यांनी एक चाखून पाहिली होती. ती इतकी उत्तम निघाली, की बाकीच्या ठेवाव्या हा निश्चय उलट दृढच झाला. त्या रात्री पहिली बाटली उघडली. पेल्यात उतरला तो कोऱ्या चहाचा रंग. वास दबून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. चवीत प्राण नाही. यजमानांचा चेहरा उतरला. मुलगी हसून म्हणाली, “बाबा, दुसरी उघडा.” दुसरी उघडली, आणि खोलीतील सर्वजण क्षणभर गप्प झाले. ती झळझळीत सोनेरी होती, आणि घोट गिळल्यावरही तिची चव कितीतरी वेळ मागे रेंगाळत होती. तिसरी पुन्हा पहिलीसारखीच. एकच वर्ष, एकच पेटी, एकच तळघर!

ह्यूम या तत्त्वज्ञाने 1757 साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीवरील निबंधात ‘डॉन किहोते’मधील एक गोष्ट सांगितली आहे. दोघा रसिकांनी पिंपातील वाइन चाखली. एक म्हणाला, हिला चामड्याचा किंचित वास आहे. दुसरा म्हणाला, लोखंडाचा. लोक दोघांसही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. रसिकांची जीभ खरी होती, हे ह्यूमला या गोष्टीतून दाखवावयाचे होते. आम्हांस मात्र तीत दुसरेच मर्म दिसते. किल्ली सापडली ती पिंप रिकामे झाल्यावर! बाटलीचेही असेच आहे. ती आत मुरत आहे की विटत आहे हे ती उघडल्यावाचून कळत नाही, आणि उघडली की ती पुन्हा ठेवण्याजोगी राहत नाही. शेजारच्या बाटलीची साक्षही खात्रीची नव्हे, हे आमच्या मित्राने त्या रात्री अनुभविले.

मग शहाण्याने काय करावे? सगळे आजच पिऊन टाकावे, हे एक उत्तर. परंतु असे करणारास दुसऱ्या बाटलीचा तो घोट कधीच मिळावयाचा नाही. सगळे राखून ठेवावे, हे दुसरे उत्तर. आणि आमच्या मध्यमवर्गीय घरांतून याचेच प्राबल्य फार. ‘ठेवणीतले’ हा आपला एक मोठा आवडता शब्द आहे. ठेवणीतला शालू घडीवर विरतो, पण नेसला जात नाही. यास आपण संयम म्हणतो. वस्तुतः ते पुष्कळदा भय असते. आजचा प्रसंग त्या वस्तूच्या योग्यतेचा नाही, असे म्हणत म्हणत आपण सगळेच प्रसंग अयोग्य ठरवितो. धीर आणि कृपणता बाहेरून सारखीच दिसतात. दोघीही कुलूप लावून बसलेल्या असतात. भेद एवढाच, की धीराला उघडण्याचा दिवस माहीत असतो, आणि त्या दिवशी आत काय निघेल ते सोसण्याची त्याची तयारी असते. आमच्या मित्राने दिवस ठरविला होता व तो पाळला. नासलेली बाटली बाजूस ठेवून दुसरी उघडली. आमच्या मते तो धीर होता.

हे लिहिताना आम्हांस आमच्याच कपाटातील एक गठ्ठा आठवतो. नीतिशास्त्रावर एक ग्रंथ लिहावा म्हणून वीस वर्षांपूर्वी आम्ही टिपणे काढली. विचार अजून मुरावयाचा आहे, असे कोणी विचारिले असता सांगत आलो, आणि ऐकणारे त्यास आमचा विनय समजत आले. बोनहून परतल्यावर तो गठ्ठा सोडला. काही पाने खरोखरच विटली होती. ज्या मतांचे खंडन करण्याच्या आवेशाने ती लिहिली, ती मते आज कोणी धरीतच नाही. काही पाने मात्र अशी निघाली, की ती लिहिली तेव्हा आम्हांसच पुरती समजली नव्हती. दोन्ही प्रकार एकाच गठ्ठ्यात होते. आम्ही अधिक वाट पाहिली म्हणून पहिली पाने सुधारली नसती. आणि वीस वर्षांपूर्वीच घाई केली असती तर दुसरी पाने हाती लागली नसती. परंतु गेली दहा वर्षे आम्ही जे करीत होतो ते मुरविणे नव्हते, परीक्षेस भिणे होते, एवढे कबूल केले पाहिजे.

काळ हा कोणाचा नोकर नव्हे. जे मुळात सकस आहे व ज्याचे बूच घट्ट आहे, त्यास तो बहुधा पिकवितो. पण तो हमी देत नाही. म्हणून वाट पाहणाराने हमी मागू नये, आणि हमी नाही म्हणून वाट पाहणेही सोडू नये. एक दिवस मात्र नक्की करावा, आणि त्या दिवशी चार माणसे जवळ बसवून बाटली उघडावी. आम्ही त्या गठ्ठ्यातील पहिले प्रकरण गेल्या आठवड्यात एका स्नेह्याच्या हाती वाचावयास दिले आहे. ते मुरले की विटले, हे आता तेच सांगतील.