पोळ्यातला कोळी आणि अहिंसेचा प्रश्न
जैन आचारात मद्य, मांस आणि मध ही तिन्ही वर्ज्य आहेत. अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथाला मधाच्या थेंबातही माश्यांची हिंसा दिसते. मधमाश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या परजीवी कोळ्याने हा प्रश्न आणखी अवघड केला: माशी वाचवायची, तर कोळी मारावा लागतो.

हा कोळी मूळचा आशियाई, आपल्या सातेरी मधमाशीच्या जातीवर पोसणारा. ती माशी त्याला बरीच आवरते. माणसाने युरोपीय माशी आशियात आणली आणि कोळी तिच्यावर गेला. अपराधाची सुरुवात माणसापासून होते, हे विसरता येत नाही.

कोळी मारायचाच, तर कधी, हेही पाहावे लागते. युरोपच्या कडक हिवाळ्यात राणी माशी अंडी घालणे थांबवते. पोळ्याच्या मेणाने बंद केलेल्या घरांत पिल्ले उरत नाहीत, कोळी माश्यांच्या अंगावरच राहतात. कोळी मारणारे ऑक्झॅलिक आम्ल बंद घरांत शिरत नसल्याने उपचाराची खरी वेळ हीच.

‘तत्त्वार्थसूत्र’ हिंसेच्या व्याख्येत प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, बोट ठेवते. त्या कसोटीवर, पेटीत ठेवलेल्या माश्यांकडे दुर्लक्ष करणारा पाळक निर्दोष ठरत नाही. कोळ्याचा जीवही जीवच. म्हणून आधी कोळ्यांची मोजणी, मग गरजेपुरताच उपचार, हा क्रम धर्मदृष्ट्याही महत्त्वाचा आहे.