बदलीच्या गावाचे ऋण

भिलाईला बदली झाली की आपण मराठी नोकरदार प्रथम चौकशी करतो ती हुडको वसाहतीत घर मिळेल का, पाणी किती वेळ येते आणि नागपूरची गाडी केव्हा सुटते, याची. या चौकशा रास्तच आहेत. परंतु त्यांत एक प्रश्न राहून जातो : ज्या भूमीवर आपण राहणार, तिचे आपण कोण लागतो?

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, तो काही निर्मनुष्य माळावर नव्हे; अनेक खेड्यांची शेते त्यासाठी गेली. ‘आपण चार दिवसांचे पाहुणे’ एवढे म्हटल्याने ते ऋण फिटत नाही. माधवराव सप्रे यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेत विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तिथली टोपलीभर मातीही उचलवत नाही. हे सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि इथल्या लोकांशी त्यांच्या समजुतीच्या भाषेत ते बोलले.

मुक्काम अल्प असला म्हणून कर्तव्य अल्प होत नाही, असे आम्हांस वाटते. दारी येणाऱ्या भाजीवालीचे छत्तीसगढी बोलणे समजून घेण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.