देशाचा शेवट आणि बद्धमुक्त जीव

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्यांना दोन आज्ञा केल्या आहेत. कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये, ही एक. देशाच्या शेवटी झाडातळी जन्म घालवावा, ही दुसरी. सोलापूरच्या एका वासनिकाने यांवर शंका घेतली : “बाबा, आमच्या गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोली नांदतात. सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत. मागावर बसणारे पद्मशाली मूळचे तेलंगणचे. आम्ही आज्ञेच्या आत की बाहेर?”

शंका उचित आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर तिकडे गेले, सोलापूर इकडे राहिले. बोली काही त्या रेषेवर थांबली नाही. परंतु निषेधाचे कारण भाषा नव्हेच. विषयांची विपुलता आणि विरक्ताला मिळणारा मान, हे ते कारण होय. देशाचा शेवट सांगितला तोही याचसाठी, की तेथे आपणास कोणी ओळखू नये, कोणी ‘आमचा’ म्हणू नये.

आता जीवाकडे पाहावे. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य. एकटा जीव तेवढा बद्धमुक्त. अनादि अविद्येने बांधलेला तोच, आणि सुटण्यास योग्यही तोच. देवतांना ऐश्वर्य आहे, पण ही योग्यता नाही. म्हणजे जीव स्वभावतःच सीमेवर उभा आहे. ही त्याची उणीव नसून त्याचे भाग्य आहे.

पण उंबरठा ओलांडण्यासाठी असतो. त्यावर बसू नये, हे घरातील वडीलधारी माणसेही सांगतात. वासनिकाने उपदेश घेतला, अनुसरणाची वासना धरली, आणि ‘मुलीचे लग्न होऊ द्या, मग पाहू’ म्हणत वीस वर्षे लोटली, तर तो दोन्हीकडचे सुख चाखू पाहतो. आम्ही भिक्षूही निर्दोष नाही. ज्या गावी हारतुरे मिळतात तेथे पाय रेंगाळला, की निषिद्ध देश आमच्या आसनाखालीच येतो.

म्हणून त्या वासनिकाला एवढेच सांगितले : शेजाऱ्याशी कानडीत सुखेनैव बोलावे. रोज निजताना मात्र स्वतःस पुसावे, आज मी सुटण्याकडे एक पाऊल टाकले की बंधाकडे? देह आहे तोवरच हे पुसता येते.

दंडवत प्रणाम.