पुंख

‘पुंखानुपुंख’ हा शब्द आपण आज केवळ सविस्तरपणाच्या अर्थाने वापरतो. एखाद्या विषयाची पुंखानुपुंख चर्चा झाली असे म्हणताना त्या शब्दाच्या पोटात एक बाण आहे, याची आठवण कोणाला राहिलेली नसते. पुंख म्हणजे बाणाचे मागचे, पिसे लावलेले टोक. एका बाणाच्या पुंखाला दुसरा बाण भिडावा, दुसऱ्याच्या पुंखाला तिसरा, इतक्या अखंडपणे शरसंधान चालावे, हे मूळचे चित्र. त्यातून सातत्याचा आणि पुढे बारकाव्याचा अर्थ आला. भाषेने बाणाचे शेपूट असे जपून ठेवले आहे; पण आपल्या नीतिविचाराने मात्र ते जपलेले दिसत नाही. लक्ष्य, नेम, वेध, अचूकपणा हे आपल्या नैतिक बोलण्यातले लाडके शब्द सगळे बाणाच्या पुढच्या टोकाचे आहेत. माणसाचा हेतू काय होता आणि परिणाम काय झाला, एवढे दोनच प्रश्न आपण विचारतो. हेतू आणि परिणाम यांच्यामध्ये जे साधन असते, त्याची अवस्था कशी होती, हा तिसरा प्रश्न बहुधा कारागिरांवर सोपवून आपण मोकळे होतो. तो खरोखरच केवळ कारागिरीचा प्रश्न आहे काय, एवढेच येथे तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम पिसाचे काम काय, ते पाहू. पीस बाणाला पुढे ढकलीत नाही. उलट हवेचा विरोध वाढवून त्याचा वेग थोडा कमीच करते. परंतु हा विरोध मागच्या टोकाशी होतो, आणि बाणाचे वजन पुढच्या बाजूला अधिक असते. त्यामुळे बाण जरा तिरका झाला की हवा त्याचे शेपूट पुन्हा रेषेत आणून ठेवते. प्रत्यंचेवरून सुटताना बाणाचा दांडा सरळ राहत नाही, तो वेताच्या छडीसारखा लवतो, डोलतो. ते डोलणे शमवण्याचे कामही पिसांचेच. पिसे किंचित तिरपी बसवलेली असली तर बाणाला गिरकी मिळते आणि उड्डाण अधिक स्थिर होते. म्हणजे जे मागे ओढते, तेच दिशा राखते. जुन्या धनुर्विद्येला हे चांगले ठाऊक होते. १३६३ साली सिद्ध झालेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’त धनुर्वेदाचा जो भाग आहे, त्यात कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड अशा पक्ष्यांची पिसे चांगली म्हणून सांगितली आहेत, प्रत्येक बाणाला चार पिसे लावावीत, ती सहा अंगुळे लांब कापावीत, असा बारकाईचा निर्देश आहे. शार्ङ्गधनुष्याच्या बाणाला तर पिसे स्नायुतंतूंनी घट्ट बांधावयास सांगितले आहे. आज पिसे बहुधा प्लॅस्टिकची आणि तीन असतात, दांडा कार्बनचा असतो आणि स्नायुतंतूंची जागा गोंदाने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच राहिला आहे : पीस टिकावे कसे?

बंगळूरला आमच्या वसाहतीत धनुर्विद्येचा सराव करणारी एक विद्यार्थिनी राहते. तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर हे काम मी अनेकदा पाहिले आहे. नेम जसजसा सुधारतो तसतशी पिसे अधिक फाटतात, ही त्यातली पहिली गंमत. कारण बाण लक्ष्यात एकमेकांना खेटून बसू लागतात आणि नवा बाण आधीच्या बाणाची पिसे खरवडीत आत शिरतो. पुंखानुपुंखाची किंमत पुंखानेच द्यावयाची असते. ती प्रथम फाटके पीस सोलून काढते, मग जुन्या गोंदाची खपली दांड्याला ओरखडा न पडेल इतक्या हलक्या हाताने खरवडते. त्यानंतर स्पिरिटने दांडा पुसते, तो पूर्ण वाळू देते आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावीत नाही. नव्या पिसाचा तळही तसाच पुसला जातो. मग गोंदाची अगदी बारीक रेघ ओढून पीस चिमट्यात धरून साच्यात दाबावयाचे आणि घाई न करता थांबावयाचे. शेवटी पिसाच्या दोन्ही टोकांशी एकेक थेंब द्यावयाचा, कारण पीस सुटू लागते ते टोकाकडून. गोंद जास्त का लावत नाहीस, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “काका, गोंदानं पीस टिकत नाही. पुसल्यानं टिकतं.”

या उत्तरात रसायनशास्त्र आहे. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट जातीचा गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओलाव्याने घट्ट होतो. थर जाड झाला तर तो आतपर्यंत नीट घट्ट होत नाही आणि जोड कच्चा राहतो. बोटाचे तेल मध्ये आले तर गोंद दांड्याला न धरता त्या तेलाला धरतो. पण या उत्तरात एक नैतिक निरीक्षणही आहे. जोडणे म्हणजे भर घालणे, असे आपण समजतो. निष्ठा डळमळू लागली की अधिक मोठ्या शपथा घेतो, नाते सैल झाले की अधिक शब्द ओततो, संस्था मोडकळीस आली की अधिक नियम करतो. मधला जुना थर कोणी खरवडून काढीत नाही. वस्तुतः जोड पक्का होतो तो मध्ये काय घातले यापेक्षा मधून काय काढून टाकले यावर.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही थोर परंपरांमधून येतात. पहिला बुद्धाचा. मज्झिमनिकायातल्या मालुंक्यपुत्ताच्या कथेत विषारी बाण लागलेला एक माणूस आहे. बाण मारणारा कोण, धनुष्य कसले, बाणाला पिसे गिधाडाची की मोराची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असा हट्ट तो धरील, तर उत्तरे मिळण्याआधीच मरेल. येथे पिसांचा प्रश्न निरर्थक प्रश्नाचा नमुना म्हणून आला आहे. तथापि प्रश्न निरर्थक ठरतो तो विचारणाऱ्याच्या जागेमुळे. ज्याच्या छातीत बाण आहे त्याने पिसांची चौकशी करू नये, हे खरे. पण ज्याच्या हातात बाण आहे त्याने ती केलीच पाहिजे. घायाळाला जो तपशील व्यर्थ, तोच सोडणाऱ्याला कर्तव्य. या दोन जागांची अदलाबदल करणे हे आपल्याकडील बऱ्याच अनीतीचे मूळ आहे : सोसणाऱ्याकडून आपण पुंखानुपुंख खुलासा मागतो आणि करणाऱ्याला ‘हेतू चांगला होता’ एवढ्यावर सोडून देतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बाण करणारा इषुकार आहे. बाण घडवण्यात तो इतका गढून गेला होता, की शेजारून राजा गेला तरी त्याला कळले नाही. एकनाथांनी याच स्कंधावर आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली आणि हा इषुकार मराठी घरांत एकाग्रतेचा आदर्श म्हणून आला. परंतु तो घडवीत होता तो बाण होता, हे विसरता येत नाही. त्याची एकाग्रता जेवढी सखोल, तेवढा कोणाचा तरी मृत्यू निश्चित. बंगळूरसारख्या शहरात तर हा विचार टाळणे कठीण आहे. या शहराचे नाव ज्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एकात आढळते, तो बेगूरचा, इसवी सन ८९०च्या सुमाराचा लेख एका वीरगळावरचा आहे. बंगळूरच्या लढाईत पडलेल्या माणसाची ती आठवण आहे. पुढे म्हैसूरकरांचे अग्निबाण आले. लोखंडी नळीला लांब बांबू बांधलेला असे, आणि पिसाप्रमाणेच तो बांबू त्या नळीची दिशा राखी. तो बांबू नीट बांधणारे हातही एकाग्रच असणार. मग साधनाविषयीची ही निष्ठा नीती म्हणावी, की नुसते कौशल्य?

दशरथाची कथा येथे उपयोगी पडते. त्याच्या बाणात काही उणे नव्हते. पिसे सैल असती तर बाण कोठेतरी झाडीत गेला असता आणि श्रावण वाचला असता. शब्दवेधी बाण बिनचूक गेला, म्हणूनच अनर्थ झाला. तेव्हा साधनाची शुद्धता साध्याला शुद्ध करीत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण म्हणून ढिला बाण अधिक निष्पाप ठरत नाही. तो ज्याच्यावर नेम नव्हता त्याला लागतो, इतकेच. या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. दशरथाला म्हणता आले, हा बाण माझा आहे; म्हणून त्याला त्या आंधळ्या मातापित्यांपुढे जाऊन उभे राहता आले आणि शाप घेता आला. ढिल्या बाणाला कर्ताच उरत नाही. मारणारा म्हणतो, मी तिकडे नेम धरला नव्हता. करणारा म्हणतो, मी तर मारलाच नाही. वाऱ्यावर दोष जातो आणि मेलेला मात्र मेलेलाच राहतो. आजच्या व्यवहारातल्या कितीतरी अपघातांची, कोसळलेल्या बांधकामांची, चुकलेल्या औषधांची कहाणी अशी कर्त्याविना संपते. साधनाविषयीची निष्ठा आपल्याला पुण्यवान करीत नाही. ती आपल्याला उत्तरदायी करते. आपले कृत्य आपले म्हणता येणे, ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

‘सुटलेला बाण परत येत नाही’ असे आपण म्हणतो आणि सुटल्यानंतर आपल्या हाती काही नाही असा दिलासाही त्यातून घेतो. ऑलिम्पिकमध्ये सत्तर मीटरवरचे लक्ष्य गाठायला बाणाला एक ते दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचे असते. त्या क्षणात धनुर्धर काही करू शकत नाही, हे खरेच. पण त्याने आधी केलेले काम त्या बाणाबरोबर जात असते. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, तेव्हा सर्वांनी पाहिला तो वेध. पिसे कोणी पाहिली नाहीत. पाहावयाची गरजही नव्हती. नीट बसलेले पीस लक्षात येत नाही, हेच त्याचे यश.

बाण भात्यात ठेवण्यापूर्वी ती मुलगी प्रत्येक पिसाच्या कडेवरून नख फिरवते आणि जे किंचितही उचलले जाते, तो बाण बाजूला काढते. शब्द सोडणारा लेखक, निर्णय देणारा अधिकारी, विद्यार्थ्यावर मत लादणारा शिक्षक यांच्याजवळही असे नख असावयास हवे. नेम बरोबर आहे का, हे विचारण्याआधी आणि लक्ष्य योग्य आहे का, हे विचारून झाल्यावरही, हा प्रश्न उरतोच : जे मी सोडतो आहे, ते मी म्हणतो तिकडेच जाईल, याची काळजी मी घेतली आहे काय?