दान आणि स्वाक्षरी

फलाची आसक्ती सोडून केलेल्या कर्मावर कर्त्याने आपले नाव घालावे काय, हा प्रश्न लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नेलसाठी, दुरुस्ती पाठवणाऱ्यापुढे प्रत्यक्ष उभा राहतो. कारण १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या या कार्यात निनावी दान स्वीकारलेच जात नाही. २००३ साली एका कंपनीने कर्नेलमधील काही मजकुरावर मालकी सांगून फिर्याद गुदरली, आणि पुढच्याच वर्षी असा दंडक पडला की, दुरुस्ती एका अक्षराची का असेना, तिच्या वर्णनाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असे लिहून, पुढे नाव व ईमेलचा पत्ता घालून, हे काम देण्याचा आपणास हक्क आहे अशी कबुली कर्त्याने द्यावी. ती दुरुस्ती पुढे नेणारा देखरेखकारही त्याखाली आपली ओळ जोडतो. या सहीत मला कीर्तीची हाव दिसत नाही. उद्या दोष निघाल्यास कोणास विचारावे, याचा दाखला तिच्यामुळे दप्तरी कायम राहतो. दात्याने अदृश्य व्हावे हा आपल्याकडील रूढ आदर्श येथे अपुरा पडतो. निनावी दाता अहंकारातून सुटतो खरा, परंतु उत्तरदायित्वातूनही सुटतो. म्हणून, वाचकहो, दुरुस्ती पाठवाल तेव्हा निःसंकोच सही करा, आणि तीवर येणाऱ्या आक्षेपांना उत्तर देण्यास हजर राहा.